दऱ्या, दर्या आणि एक न उघडणारी फाइल

फाइलवर दोनदा टिचकी मारली की चार सेकंद पांढरी चौकट दिसायची आणि मग अख्खं सॉफ्टवेअरच पडद्यावरून नाहीसं व्हायचं. काय बिघडलं ते सांगणारी एक ओळसुद्धा येत नव्हती. साताऱ्यात आमच्या लेकीनं सकाळपासून हा खेळ वीसेक वेळा केला आणि दुपारी लॅपटॉप मिटून म्हणाली, "बाबा, हे इथं सुटणार नाही. मामांकडं जायला लागतंय."

फाइल माझ्या पुस्तकाची. पुस्तक कसलं, 96 पानांची पुस्तिका. मास्तरकी करता करता रविवारी सातारा जिल्ह्यातल्या घाटवाटा आणि किल्ले पायी पालथे घातले, त्याची टिपणं. 2003 साली माझ्या मेहुण्यानं सांगलीत, मारुती चौकामागच्या बोळातल्या आपल्या डीटीपीच्या दुकानात ती लावून दिली. पाचशे प्रती छापल्या, त्या संपायला नऊ वर्षं लागली. हल्ली ट्रेकिंगवाली पोरं तिच्या पानांचे मोबाइलवर काढलेले फोटो एकमेकांना पाठवतात. अंगठ्यानं निम्मं पान झाकलेला असा एक फोटो फिरत फिरत माझ्याकडंच आला, तेव्हा दुसरी आवृत्ती काढायचं ठरवलं. सीडी होती. मुखपृष्ठ कोरलमध्ये, मजकूर पेजमेकरमध्ये, आणि फोल्डर तीन: 'फायनल', 'फायनल 2' आणि 'एकदम फायनल'.

लेक डिझाइनचंच काम करते, घरबसल्या, लांबच्या लोकांसाठी. मामा तीस वर्षं डीटीपीत आहेत. कराड, पेठ नाका, इस्लामपूर, आष्टा करत आम्ही पोचलो तेव्हा ते एका पतसंस्थेचा वार्षिक अहवाल लावत बसले होते. पुढचे दोन दिवस त्या दोघांत जे झालं ते जमेल तसं उतरवलं आहे. मी मध्ये फारसा पडलो नाही. पुस्तक माझं असलं तरी भांडण त्यांचं होतं.

मामा: आधी सांग, सीडीवरनंच उघडत होतीस का फाइल?

भाची: नाही. लॅपटॉपवर कॉपी केली, त्या कॉपीची आणखी एक कॉपी केली. मूळ फाइलला हात लावला नाही.

मामा: शाणी आहेस. निम्मी गिऱ्हाइकं पेनड्राइव्हवरनं उघडत्यात, तिथंच सेव्ह करत्यात आणि मग रडत येत्यात. पुढं?

भाची: पुढं नोटपॅडमध्ये उघडली.

मामा: कोरलची फाइल नोटपॅडमध्ये?

भाची: पहिली अक्षरं बघायला. आर, आय, दोन एफ. मग थोडा कचरा आणि लगेच सी, डी, आर आणि 9. म्हणजे फाइलीचं डोकं शाबूत आहे आणि ती नवव्या आवृत्तीतली आहे, 1999 ची. दहावी असती तर 9 च्या जागी ए दिसला असता, अकरावीला बी, बारावीला सी. नुसत्याच रिकाम्या जागा दिसल्या असत्या, तर सीडीवरनं उतरतानाच मेली समजून नाद सोडला असता.

मामा: आणि अलीकडच्या फाइली?

भाची: 2008 ला एक्स-4 आली तेव्हापासून कोरलची फाइल म्हणजे एक झिपच असते. उघडून बघितली तर सुरुवातीला पी आणि के. झिप काढणाऱ्या फिल कॅट्झची आद्याक्षरं आहेत ती. असली फाइल रुसली तर तिच्या कॉपीच्या नावाचं शेपूट बदलून झिप करायचं. आत बहुतेक वेळा छोटं चित्र सापडतं. डिझाइन काय होतं एवढं तरी कळतं.

मला यातलं एवढंच कळलं की माझ्या मुखपृष्ठाला अजून नाडी आहे.

मामा: प्रिंटर बघितलास?

भाची: मला छापायचं कुठाय मामा? उघडायचंय.

मामा: म्हणून तर विचारतोय. असली सॉफ्टवेअरं फाइल उघडताना प्रिंटरला विचारत्यात, बाबा रे, तुझा कागद केवढा, कडेला जागा किती सोडतोस. तू डिफॉल्ट ठेवलेला प्रिंटर दोन वर्षांपूर्वी भंगारात गेला असला, तर उत्तर देणार कोण? पीडीएफवाला प्रिंटर डिफॉल्ट कर आणि बघ.

तिनं केलं. चौकट चार सेकंदांऐवजी सहा सेकंद टिकली. मग मामांनी एफ-8 दाबून धरून कोरल चालू करायला लावलं. त्यानं आपण केलेल्या सगळ्या सेटिंग पुसल्या जाऊन कोरी पाटी मिळते. तरी पडलं. मग नवं कोरं पान घेऊन त्यात फाइल 'ओपन' न करता 'इम्पोर्ट' केली. दोष पानाच्या मांडणीत असला तर या वाटेनं आतला माल बाहेर येतो. तेही पडलं. नावापुढं 'बॅकअप ऑफ' असलेली फाइल सीडीवर आहे का पाहिलं. कोरल आपणहून अशी एक जुनी प्रत शेजारी ठेवत असतं. होती, पण तीही तशीच पडली. मामांनी चष्मा वर ढकलला.

मामा: फॉन्ट कुठनं घेतलेस?

भाची: तुम्हीच मागं पेनड्राइव्ह दिला होता, त्यातनं.

मामा: किती टाकलेस?

भाची: सगळे. चौदाशे होते.

मामा: अगं, पंगतीत सगळं वाढतात म्हणून सगळंच खायचं व्हय?

इथं दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं. कोरलच्या त्या फाइलीत आपली अक्षरं असतात, पण अक्षरांचे आकार नसतात. कोणत्या फॉन्टात ती काढायची ते नाव तेवढं असतं. फाइल उघडताना सॉफ्टवेअर त्या नावाचा फॉन्ट मशीनमध्ये शोधतं आणि त्याच्या पोटातले तक्ते वाचून रेषा काढतं. तक्ता अर्धवट असला, की वाचता वाचता सॉफ्टवेअरचा पाय खड्ड्यात जातो. आता चौदाशेंत खराब कोण, ते कसं शोधायचं? मामांचा उपाय हरभऱ्यातले खडे निवडण्यातलाच, फक्त हिशेबी. निम्मे फॉन्ट काढायचे. फाइल उघडली तर चोर काढलेल्यांत, पडली तर राहिलेल्यांत. मग त्या निम्म्यांचे निम्मे. चौदाशेंत अकरा फेऱ्यांच्या आत चोर सापडलाच पाहिजे. दहाव्या फेरीला सापडला. मुखपृष्ठावर 'घाटवाटा' हा शब्द ज्या वळणदार फॉन्टात होता, तोच. त्याच घराण्यातल्या बाकीच्या फॉन्टांच्या मानानं याची फाइल निम्मीच भरत होती.

मामा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, 2005 च्या पुरात भिजलेल्या हार्डडिस्कवरनं वाचवून काढलेला तो फॉन्ट आहे. वाचवला असं ते वीस वर्षं समजत होते. माळ्यावरच्या मूळ सीडीवरनं त्यांनी धडका फॉन्ट आणून दिला आणि संध्याकाळी सहाला मुखपृष्ठ उघडलं. म्हणजे सॉफ्टवेअरचा त्यात काही दोष नव्हता. आमच्याच घरातलं कृष्णेचं पाणी होतं ते.

मुखपृष्ठावर भागलं असतं तर हा लेख लिहायची गरज नव्हती. खरी कुस्ती दुसऱ्या दिवशी झाली, मजकुरावर.

दुकानाच्या मागच्या खोलीत मामांचं जुनं मशीन आहे. विंडोज एक्सपी, पेजमेकर 7, आणि पाठीमागच्या रुंद पोर्टात घुसवलेलं लिपीच्या सॉफ्टवेअरचं कुलूप, ज्याला सगळे डोंगल म्हणतात. ते डोंगल काढलं की मराठी टाइप होत नाही, आणि ते बसेल असं पोर्ट आता नव्या मशीनला मिळत नाही. एक्सपीला कंपनीनं 2014 च्या एप्रिलमध्ये वाऱ्यावर सोडलं. पेजमेकरची सातवी आवृत्ती 2001 ची. आठवी आलीच नाही. मशीनला इंटरनेट लावलेलं नाही, वर प्लॅस्टिकचं झाकण असतं, आणि खंडेनवमीला त्याची पूजा होते. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा मामांनी आधी हे मशीन खांद्यावरून वरच्या मजल्यावर नेलं आणि मग घरातला गॅस. आयर्विनला 45 फूट म्हणजे धोक्याची पातळी, हे सांगलीत शाळेतली पोरंही सांगतात. त्यावरून काय ते समजा.

भाची: मामा, हे मशीन उद्या बंद पडलं तर?

मामा: तसलंच दुसरं आहे माळ्यावर. सुट्ट्या पार्टसाठी ठेवलंय.

भाची: आणि तेही गेलं तर?

मामा: तोवर मी बी जाईन की.

भाची: तुम्ही जाल, पण बाबांचं पुस्तक? सांगलीतल्या किती लोकांची पुस्तकं, अहवाल, स्मरणिका या एका डोंगलवर लटकल्यात? नव्या इनडिझाइनला पेजमेकर ओळखू येत नाही. 2012 ची सीएस-6 ही शेवटची, जी पेजमेकरच्या फाइली उघडायची. ती खिडकी पण मिटली. जे काय काढायचं ते आत्ता, हे मशीन चालू आहे तोवर काढायला पाहिजे.

मामा: काढायचं काय त्यात? पीडीएफ करून देतो की. हे बघ, झाली. 96 पानं, जशीच्या तशी. टिंब हललं नाही. चल, चहा घेऊ.

भाची: थांबा. यात 'अजिंक्यतारा' शोधते.

(शोधलं. एकदाही सापडला नाही. पुस्तकाच्या पहिल्याच पानावर अजिंक्यतारा आहे.)

भाची: दिसतंय मराठी, पण आत मराठी नाहीये मामा. तुम्हाला माहिताय हे. कृतिदेवचं उदाहरण घ्या. त्यात 'मराठी' लिहिलं तर फाइलीत काय जातं? इंग्रजीतली पाच अक्षरं: ई, जे, के, मोठा बी आणि एच. ई च्या जागी म चं चित्र, जे च्या जागी र चं. तुमच्या फॉन्टाचे नंबर वेगळे, गोम तीच. फॉन्ट म्हणजे सोंग. सोंग उतरलं की खाली नुसता इंग्रजी कचरा. आंधळ्या माणसाच्या मोबाइलनं ही पीडीएफ मोठ्यानं वाचली तर काय ऐकू येईल, कल्पना करा.

मामा: आता मी बोलू? देवनागरीला युनिकोडमध्ये नंबर मिळाले कधी?

भाची: पहिल्याच आवृत्तीत. 1991.

मामा: बरं. आणि त्या नंबरांची अक्षरं नीट जोडून छापायला देणारं पानाचं सॉफ्टवेअर आमच्या हातात आलं कधी? इनडिझाइननं भारतीय लिप्या घेतल्या 2012 ला. कोरलनं ओपनटाइप धड घेतलं तेही त्याच साली. एकवीस वर्षं, पोरी. त्या एकवीस वर्षांत या जिल्ह्यातली लग्नं थांबली नव्हती, साखर कारखान्यांच्या सभा थांबल्या नव्हत्या, यात्रा थांबल्या नव्हत्या. सोंग म्हणतेस ना, त्या सोंगावर अख्ख्या महाराष्ट्राचा छापखाना चालला. आम्ही काय हौसेनं इंग्रजीच्या अंगात मराठी घातली व्हय?

ही गोष्ट मला नवी होती आणि मी मामांच्या बाजूला झुकलो, हे कबूल करतो. डीटीपीवाल्यांनी मराठीचा विचका केला, अशी तक्रार साहित्यिक मंडळी सहज करतात. पण खिळे जाऊन ऑफसेट आलं, संगणक आला, आणि ज्यांनी मानक ठरवायचं ते बैठका घेत होते, तेव्हा मारुती चौकातल्या माणसाला उद्या सकाळी अहवाल द्यायचा होता. आणि मानक काही नव्हतंच असंही नाही. भारत सरकारचं इस्की 1991 चंच. पण मानक कागदावर आणि डोंगल पोर्टात, तर माणूस कुठं जाणार?

भाची: मान्य. 2012 पर्यंत मान्य. त्यानंतर दहा-बारा वर्षं का थांबलात?

यावर मामांनी उत्तर दिलं नाही. त्यांनी सकाळचा पतसंस्थेचा अहवाल पडद्यावर आणला.

मामा: हा बघ. मागच्या वर्षीची फाइल उघडायची, साल बदलायचं, आकडे बदलायचे, अध्यक्षांचा फोटो बदलायचा. मागच्या वर्षीची त्याच्या मागच्या वर्षीवरनं केलेली. पहिली 1998 ची. ताळेबंदाचं टेबल तेव्हा लावलं ते अजून हललं नाही. हेच नव्यानं लावायचं तर चार दिवस, आणि गिऱ्हाईक पैसे देणार मागच्या वर्षीएवढेच. अशा साठ-पासष्ट संस्था आहेत. तू मला बदला म्हणतेस. पासष्ट गुणिले चार कर.

भाची: 260 दिवस.

मामा: रविवार सोडून वर्ष जवळजवळ संपलं की.

(मी विचारलं, फाइल अशी पुढं पुढं ओढत नेताना चुका पण पुढं येतात का? मामा हसले. एका संस्थेच्या अहवालात एक संचालक पान 2 वर संचालक मंडळात आणि पान 3 वर श्रद्धांजलीत, असे सलग दोन वर्षं राहिले, म्हणाले. सभेत कुणाच्या लक्षात आलं नाही.)

भाची: म्हणून तर सगळं बदला म्हणतच नाही मी. टेबल तुमचं तुमच्यापाशी राहू द्या. पण ज्याचा मजकूर पुन्हा कुणीतरी वाचणार, शोधणार, तो तरी सोडवा. तिकडं वाईला बघा. विश्वकोशाचा पहिला खंड 1976 चा, तर्कतीर्थांच्या हातचा. वीस खंड व्हायला 2015 उजाडलं. आज त्यातली नोंद मी एसटीत बसून मोबाइलवर शोधते. का? मजकूर युनिकोडमध्ये आहे म्हणून. तो असल्या डोंगलमागं राहिला असता तर?

मामा: आणि वीज गेली, मोबाइल मेला तर? कपाटातला 1976 चा खंड उघडायला काय लागतं? आणि लांब वाईला कशाला जातेस, इथं मिरज आहे पाच-सात मैलांवर. 1805 ला गंगाधरराव पटवर्धनांनी तांब्याच्या पत्र्यावर कोरून गीता छापून घेतली. नाना फडणवीसांनी पुण्यात तांबटाकडनं हे काम सुरू करायला लावलं, नाना गेले, कारागीर मिरजेत आला. दोनशे वर्षं होऊन गेली. तिची प्रत समोर आली तर तुला कुठलं व्हर्जन लागेल वाचायला?

भाची: प्रत आली तर. ती यायची कुठनं? नगर वाचनालयात 2019 ला काय झालं, बघितलंत ना तुम्ही? कागद एकाच जागी असतो मामा. पाणी आलं की कागद पण जातो, सीडी पण जाते. टेक्स्टची फाइल एकाच वेळी सातारा, सांगली, बाबांच्या मेलमध्ये आणि माझ्या मैत्रिणीकडं डब्लिनला राहू शकते. 57 फूट पाणी तिकडं नाही पोचत.

इथं मामा खरोखर गप्प झाले. 2019 ला मशीन वर नेलं, पण सीड्यांचं कपाट खालीच राहिलं होतं. गाळ उतरल्यावर त्यांनी आणि मामींनी चारशेच्या वर सीड्या बादलीत स्वच्छ पाण्यानं एकेक धुऊन दोरीवर चिमट्यांनी वाळत घातल्या होत्या. सीडीची चंदेरी पूड लेबलाच्या बाजूलाच असते, वरच्या पातळ थराखाली. गाळ घासला की ती सुटते. बऱ्याच सीड्यांतून पलीकडचं दिसायला लागलं होतं. हे मामींनी मला स्वयंपाकघरात सांगितलं, मामांनी नव्हे.

मग दुपारी काम झालं. पेजमेकरमधून मजकूर साधा टेक्स्ट म्हणून बाहेर काढला, पेनड्राइव्हवर घेतला आणि लेकीनं तो रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅममधून घातला. वाटतं तितकं हे सोपं नाही. जुन्या फॉन्टात अक्षरं डोळ्याला दिसतात त्या क्रमानं साठवलेली असतात. 'कि' लिहिताना आधी वेलांटी, मग क. 'मूर्ती'तला रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये आपण उच्चारतो तसा क्रम: वेलांटी क च्या मागून, र् हा त च्या आधी. म्हणजे प्रोग्रॅमला प्रत्येक शब्द उलगडून पुन्हा विणावा लागतो. त्यानं तो विणला. अर्ध्या मिनिटात 96 पानं. लेकीनं 'अजिंक्यतारा' शोधला आणि तो सगळ्या पानांवरून धडाधड उजळला. तिनं मामांकडं पाहिलं. मामांनी एक पान छापून मागितलं, लाल पेन घेतलं आणि तिसऱ्याच ओळीवर थांबले.

मामा: 'सह्याद्रीच्या खोल दर्या'. दाजी, तुम्ही कोयनेच्या खोऱ्यात समुद्र कधी बघितला?

तर ते असं झालं होतं. मराठीत 'र'ला 'य' जोडायच्या दोन तऱ्हा आहेत. 'दर्या'त रफार, 'दऱ्या'त तो आडवा, मिशीसारखा अर्धा र. आचार्यांना वंदन करावं आणि आचाऱ्यांना पैसे द्यावेत, असा हा फरक आहे. मामांच्या जुन्या फॉन्टात या मिशीला स्वतंत्र कळ होती. युनिकोडमध्येही ती आहे. खाली टिंब दिलेला ऱ वापरून ती लिहितात. पण रूपांतराच्या प्रोग्रॅमला ती कुणी शिकवली नव्हती. त्यामुळं माझ्या पुस्तकातल्या दऱ्यांचा दर्या झाला होता, 'वाऱ्याचा'चं 'वार्याचा' आणि 'दुसऱ्या'चं 'दुसर्या'. लेकीनं नियम घातला. मग 'सूर्याचा' बिघडून 'सूऱ्याचा' झाला. नियम मागं घेतला. शेवटी यादी करूनच एकेक शब्द बदलावा लागला आणि ती यादी मामांनी तोंडी सांगितली.

पुढं दोन गोष्टींवरून पुन्हा ठिणगी उडाली. पहिली, तिनं निवडलेल्या फॉन्टात ल आणि श हिंदी वळणाचे येत होते. मामांनी 2009 चा शासन निर्णय काढला, ज्यात मराठीचे ल-श कसे असावेत ते ठरलं आहे. लेकीनं राज्य मराठी विकास संस्थेची यशोमुद्रा लावली आणि वाद मिटला. (फॉन्टात कधी कधी दोन्ही वळणं असतात, मजकुराची भाषा 'मराठी' निवडली तरच आपली येतात. हे मामांना माहीत नव्हतं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.) दुसरी ठिणगी जास्त महागाची. नव्या फॉन्टात पुस्तक 96 वरून 103 पानांवर गेलं. सोळा पानांचा एक फर्मा. 96 म्हणजे बरोबर सहा फर्मे. 103 ला सातवा फर्मा घ्यावा लागणार आणि त्यातली नऊ पानं कोरी जाणार.

भाची: अर्धा पॉइंट कमी करू.

मामा: आणि वाचणार कोण? दाजींच्या वयाची माणसं घेत्यात हे पुस्तक.

भाची: ट्रेकिंगवाली पोरं घेतात.

मामा: मग नऊ पानांत त्या पोरांना एसटीच्या वेळा घाल.

एसटीच्या वेळा छापणं म्हणजे पुढच्या वर्षीच्या चुका आजच छापणं, म्हणून त्या पानांत नकाशे घातले.

मला विचाराल, बरोबर कोण, तर मजकुराच्या बाबतीत लेक. न उघडणारी फाइल हा त्यातला किरकोळ भाग आहे. ती प्रिंटर बदलून, फॉन्ट काढून कधीतरी उघडते. उघडूनही जिच्यात मराठी नसते, ती फाइल खरी गेलेली. पण लेक म्हणत होती तसं मशीनमधून टेक्स्ट बाहेर काढलं की काम संपलं, हे मला पटलेलं नाही. त्या अर्ध्या मिनिटाच्या मागून मामांनी चार दिवस लाल पेन चालवलं. हे पेन चालवणारी माणसं सांगली-साताऱ्यात आज साठीच्या आसपास आहेत. जुनं मशीन चालू आहे, मूळ फॉन्टाची सीडी माळ्यावर आहे आणि 'दऱ्या' ओळखणारा माणूसही खुर्चीत बसलेला आहे, असा हा थोडा काळ आहे. तुमच्याकडं अशा सीड्या असतील तर पावसाळ्याच्या आत बाहेर काढा, आणि ज्यानं त्या लावल्या त्यालाच आधी फोन करा.

मामांनी त्यांच्या पासष्ट संस्थांपैकी सात संस्थांचे अहवाल या वर्षी युनिकोडमध्ये लावले. बाकीचे जुन्याच मशीनवर.

पुस्तक दिवाळीआधी छापून आलं. पान 61 वर, वासोट्याच्या वाटेच्या वर्णनात, एक 'दर्या' राहिला आहे. शुद्धिपत्राची चिठ्ठी मामांनी तासाभरात लावून दिली, पेजमेकरमध्ये.